गिरकीच्या मापाने: पृथ्वीजवळच्या प्लाझ्मा लहरींच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

विषय ठरला: पृथ्वीभोवतीच्या प्लाझ्मातल्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या विरळ वायूतल्या, कमी वारंवारतेच्या लहरी, उपग्रहांनी मोजलेल्या. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, मी आणि तेजस मिळून. मॅडमच्या दोन अटी आहेत. डेटा सगळ्यांना खुला असलेलाच घ्यायचा, आणि प्रश्न एका ओळीत सांगता आला पाहिजे. आमची ओळ अशी: उपग्रहाच्या नोंदीत एखादी वारंवारता उठून दिसली, तर ती कोणती लहर आहे हे कशावरून ठरवायचं?

उपग्रह व्हॅन ॲलन प्रोब्ज. ३० ऑगस्ट २०१२ ला केप कॅनाव्हरलहून सुटलेले हे दोन जुळे यान, २०१९ मध्ये इंधन संपत आल्यावर बंद केले. कक्षा लांबट होती, जवळचं टोक सुमारे ६०० किमी उंचीवर आणि लांबचं टोक पृथ्वीच्या केंद्रापासून जवळपास ५.८ पृथ्वी-त्रिज्यांवर. एक फेरी नऊ तासांची, म्हणजे दिवसातून अनेकदा हे यान प्रारण पट्ट्यांच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांच्या वलयांच्या, आरपार जात. सात वर्षांचा डेटा जगातल्या कुणालाही उतरवून घेता येतो, गंगापूर रोडवरच्या आमच्या खोलीतूनही.

हे जमिनीवरून का नाही मोजायचं, असं घरी विचारलं. उत्तर नाशिकच्या जागेत आहे. आपण चुंबकीय विषुववृत्तापासून जेमतेम ११-१२ अंशांवर आहोत. इथून निघणारी चुंबकरेषा दोन-तीनशे किलोमीटर वर जाते आणि दक्षिणेकडे खाली उतरते. ती आयनोस्फिअरच्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराच्या, बाहेरही पडत नाही. ज्या रेषा चार पृथ्वी-त्रिज्यांपर्यंत पोचतात त्या जमिनीला ६० अंश चुंबकीय अक्षांशाजवळ टेकतात. आम्हाला हव्या असलेल्या लहरी त्या रेषांवर राहतात.

आणि याचा नाशिकशी संबंध नाही असंही नाही. गारपिटीच्या इशाऱ्यासाठी बागायतदार ज्या ढगांच्या चित्रांकडे डोळे लावून बसतात, ती इन्सॅट-३डीआर ३६,००० किमी उंचीवरून पाठवतो. ती जागा बाह्य प्रारण पट्ट्यातच येते. तिथले इलेक्ट्रॉन किती वेगवान होतात आणि केव्हा नाहीसे होतात, हे बऱ्याच अंशी या लहरी ठरवतात.

१९ जानेवारी

फायली उतरवल्या. चुंबकमापकाच्या सर्वांत बारीक नोंदी सेकंदाला ६४, तिन्ही दिशांच्या. एका दिवसाच्या ५५,२९,६०० ओळी होतात. माझ्या लॅपटॉपला एवढं एकदम झेपत नाही, म्हणून तीन-तीन तासांचे तुकडे पाडले. तेजसने पायथनमध्ये वाचनाची आज्ञावली लिहिली. वेळ सगळीकडे जागतिकच ठेवायची असं ठरवलं. उपग्रहाचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो, तो तसाच राहू द्यायचा.

मोजणारी उपकरणं दोन जातींची आहेत. फ्लक्सगेट चुंबकमापक स्थिर क्षेत्रापासून ३२ हर्ट्झपर्यंत कामाचं. त्याच्या वर सर्च कॉइल, म्हणजे गाभ्याभोवती गुंडाळलेली तार. तिच्यातला विद्युतदाब क्षेत्र किती वेगाने बदलतं यावर असतो, म्हणून संथ लहरींना ती जवळजवळ बहिरी. तिची नोंद १० हर्ट्झपासून १२ किलोहर्ट्झपर्यंत. दोन्ही उपकरणं यानापासून दूर काढलेल्या दांड्यांच्या टोकांवर बसवलेली आहेत, कारण यानातल्या प्रत्येक वायरीचंही चुंबकक्षेत्र असतं.

२ फेब्रुवारी

पहिला स्पेक्ट्रोग्राम. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर वारंवारता, रंग म्हणजे शक्ती. ६४ सेकंदांच्या खिडक्या घेतल्या, त्यामुळे वारंवारता ०.०१६ हर्ट्झपर्यंत वेगळी काढता येते.

०.०९ हर्ट्झला एक ठळक आडवी रेघ आहे. ०.१८ आणि ०.२७ ला तिच्या फिकट प्रती. रेघ सगळ्या तुकड्यांत आहे. तेजस म्हणाला, "अगं, ही तर सलग लहर दिसतेय." मॅडमनी उत्तर दिलं नाही, फक्त विचारलं, "यान पृथ्वीजवळून लांब गेलं, चुंबकक्षेत्र २४,००० नॅनोटेस्लांवरून दीडशेच्या आसपास उतरलं. एवढ्यात ही रेघ जागची हलली का?"

नाही हलली. केसभरही नाही. यान ११ सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी घेतं, आणि १ भागिले ११ म्हणजे ०.०९. संवेदकाच्या तीन अक्षांत जरासा जरी फरक राहिला तरी त्या फेरीचा ठसा नोंदीत उमटतो. पृथ्वीजवळ क्षेत्र प्रचंड असतं, म्हणून तिथे तो ठसा सगळ्यांत गडद.

मॅडमचा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. प्लाझ्मातल्या लहरीला आजूबाजूचं क्षेत्र कळतं. क्षेत्र बदललं की तिला बदलावं लागतं. यंत्राला त्याची पर्वा नसते.

९ फेब्रुवारी

आज प्रकल्पाचा कणा सापडला असं वाटतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

चुंबकक्षेत्रात विद्युतभारित कण रेषेभोवती गिरक्या घेतो. सेकंदाला किती गिरक्या, हे फक्त क्षेत्र, कणाचा विद्युतभार आणि त्याचं वस्तुमान यांवर ठरतं. इलेक्ट्रॉनसाठी प्रत्येक नॅनोटेस्लामागे २८ हर्ट्झ. प्रोटॉन १८३६ पट जड, म्हणून ०.०१५२ हर्ट्झ. हेलियमचा एकभारी आयन त्याच्या चौथा भाग, ऑक्सिजनचा सोळावा. पृथ्वीभोवतीच्या प्लाझ्मात हे तिन्ही आयन असतात, आणि लहर कुठून जाऊ शकेल, कुठे अडेल, कुठे कणाला ऊर्जा देईल, हे या तीन वारंवारतांच्या संदर्भात ठरतं.

आता पृथ्वी म्हणजे साधा द्विध्रुव, पट्टीचुंबकासारखा, असं धरून आकडे मांडू. विषुववृत्तावर क्षेत्र ३१,००० नॅनोटेस्ला भागिले पृथ्वी-त्रिज्यांत मोजलेल्या अंतराचा घन. चार त्रिज्यांवर ४८४ नॅनोटेस्ला. तिथे प्रोटॉनची गिरकी ७.४ हर्ट्झ, हेलियमची १.८, ऑक्सिजनची ०.४६. साडेपाच त्रिज्यांवर क्षेत्र १८६ वर येतं, मग प्रोटॉन २.८, हेलियम ०.७१, ऑक्सिजन ०.१८.

समजा नोंदीत १ हर्ट्झला पट्टा दिसला. चार त्रिज्यांवर तो हेलियमच्या रेषेच्या खाली आहे. साडेपाचवर तोच १ हर्ट्झ हेलियम आणि प्रोटॉन यांच्या मधल्या पट्ट्यात. आकडा एकच, पण लहरी दोन वेगळ्या. त्यांची वाट वेगळी, त्यांना ज्या कणांची ऊर्जा मिळते त्यांचे वेग वेगळे, आणि कोणत्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन त्या हुसकतात तेही वेगळं. म्हणजे "आम्हाला १ हर्ट्झची लहर मिळाली" या वाक्याला काहीच अर्थ नाही! लहरीची वारंवारता हर्ट्झमध्ये सांगायचीच नाही, त्या जागेच्या गिरकीच्या किती पट हे सांगायचं.

इतकी वर्षं वारंवारता म्हणजे लहरीची ओळख असं शिकलो. प्रयोगशाळेतल्या ध्वनिकाट्यासाठी ते खरंच आहे. अंतराळात ओळख जागेवर अवलंबून असते, हे मला फार सुंदर वाटलं.

तेजसने रात्रीच आज्ञावलीत भर घातली. आता प्रत्येक स्पेक्ट्रोग्रामवर तीन पांढऱ्या रेषा आपोआप उमटतात, त्या क्षणी मोजलेल्या क्षेत्रावरून.

२३ फेब्रुवारी

दुपारच्या बाजूला, म्हणजे यान पृथ्वीच्या सूर्याकडच्या अंगाला असताना, हेलियमच्या पांढऱ्या रेषेखाली चिकटून चालणारा पट्टा मिळाला. यान बाहेर सरकतंय, रेषा खाली उतरतेय, पट्टाही तिच्याबरोबर उतरतोय. मॅडमच्या पहिल्या प्रश्नाला याने नीट उत्तर दिलं. एमिक लहरीचा, म्हणजे विद्युतचुंबकीय आयन सायक्लोट्रॉन लहरीचा, संशय.

दुसरा प्रश्न फिरण्याच्या दिशेचा. तीन अक्षांच्या नोंदी स्थिर क्षेत्राला समांतर आणि लंब अशा अक्षांवर वळवल्या. लंब प्रतलात क्षेत्राचं टोक वर्तुळात फिरताना दिसतं. आयन ज्या बाजूने गिरकी घेतो त्याच बाजूने फिरत असेल तर डावी लहर, इलेक्ट्रॉनच्या बाजूने असेल तर उजवी. एमिक लहर उगमाजवळ डावी असते. आमच्या पट्ट्याचा बराचसा भाग डावा निघाला, वरच्या कडेला मात्र दिशा धूसर होत सरळ रेषेकडे झुकते. उगमापासून लांब आलेल्या लहरींत असं होतं, त्यामुळे एवढ्यावरून तिला नाकारायचं नाही.

९ मार्च

मॅडमनी मधे एक खुंटी मारली आणि आम्ही आठवडाभर तिथेच थांबलो. त्यांचा प्रश्न: तुम्ही पांढरी रेषा यानाच्या जागेवरच्या क्षेत्राने काढता, पण लहर जन्मली कुठे?

बहुतेक लहरी चुंबकीय विषुववृत्ताजवळ जन्मतात. तिथे त्या रेषेवरचं क्षेत्र सगळ्यांत कमी असतं. मग लहर रेषेच्या कडेकडेने उत्तरेला किंवा दक्षिणेला जाते. वाटेत क्षेत्र वाढतं, लहरीची वारंवारता तीच राहते. यानाच्या कक्षेचा कल १० अंश आणि पृथ्वीच्या चुंबक-अक्षाचा कल साधारण तेवढाच, त्यामुळे यान चुंबकीय विषुववृत्तापासून कधी कधी २० अंशांपर्यंत जातं. तिथे द्विध्रुवाचं क्षेत्र त्याच रेषेवरच्या विषुववृत्तीय क्षेत्राच्या जवळजवळ १.७ पट असतं. ०.७ चं गुणोत्तर स्थानिक क्षेत्राने ०.४ दिसेल. म्हणून आता दोन गुणोत्तरं काढतो, एक यानाच्या जागेचं आणि एक जन्मस्थानाचं. लहर आत्ता कुठे अडेल हे पहिलं सांगतं, ती कशी जन्मली हे दुसरं.

२३ मार्च

आता वरच्या पट्टीत, सर्च कॉइलच्या राज्यात. इथे लहरी इलेक्ट्रॉनच्या गिरकीने मोजायच्या.

दोन मुख्य जाती. प्लाझ्मास्फिअरच्या आत, जिथे थंड प्लाझ्मा दाट आहे, तिथे शंभरेक हर्ट्झपासून एक-दोन किलोहर्ट्झपर्यंत पसरलेला हिस. बाहेर, मध्यरात्रीपासून सकाळच्या बाजूला, कोरस. मधली सीमा म्हणजे प्लाझ्मापॉज. ही सीमा शोधायला घनता हवी, आणि घनता काढण्याची रीत मला या सगळ्या प्रकल्पात सर्वांत देखणी वाटते. उच्च वारंवारतेच्या नोंदीत एक बारीक रेघ असते, तिच्यावरून प्लाझ्माची स्वतःची वारंवारता मिळते. ती किलोहर्ट्झमध्ये घेऊन ८.९८ ने भागायची आणि वर्ग करायचा, झाली इलेक्ट्रॉनांची दर घन सेंटिमीटर संख्या. ९० किलोहर्ट्झ म्हणजे साधारण १००. काहीही न पकडता, न तोलता, फक्त लहर वाचून घनता! सीमा ओलांडताना हीच रेघ कोसळताना दिसते.

कोरसचं गुणोत्तर ०.१ ते ०.८ च्या दरम्यान आणि बरोबर ०.५ जवळ बहुतेकदा एक रिकामी फट. हर्ट्झमध्ये आलेख काढला तर ही फट वेळेबरोबर वाकत जाते. गुणोत्तरात काढला की सरळ आडवी होते. फेब्रुवारीतला धडा इथे डोळ्यांनी दिसला.

या वारंवारता कानाला ऐकू येणाऱ्या आहेत. यानावर सेकंदाला ३५,००० नोंदींचे सुमारे सहा सेकंदांचे तुकडे साठवले जात. ते थेट ध्वनी फाइल करून प्रयोगशाळेत वाजवले. खालून वर चढत जाणारे छोटे स्वर, एकावर एक, पहाटेच्या पाखरांसारखे. शेजारच्या वर्गातले विद्यार्थी दारात येऊन उभे राहिले. प्रत्येक चढता स्वर म्हणजे इलेक्ट्रॉनांशी चाललेली देवघेव आहे. काही इलेक्ट्रॉन त्यातूनच प्रकाशवेगाच्या जवळ पोचतात.

६ एप्रिल

सर्वांत संथ लहरी: पीसी-५, आवर्तकाळ १५० ते ६०० सेकंद. इथे वेगळीच अडचण आहे. यान पृथ्वीजवळ वेगाने सरकतं, क्षेत्र दहा मिनिटांत हजारो नॅनोटेस्लांनी बदलतं, आणि तो बदल संथ लहरीसारखाच दिसतो. म्हणून पीसी-५ साठी फक्त कक्षेच्या लांबच्या टोकाचे तुकडे घ्यायचे.

जमिनीची साक्ष हवी म्हणून अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा मिनिटामिनिटाचा डेटा घेतला. निवडलेला दिवस १७ मार्च २०१५, त्या सौरचक्रातलं सर्वांत मोठं भूचुंबकीय वादळ. आपल्या वेळेनुसार सकाळी सव्वादहाच्या सुमारास क्षेत्राने उडी घेतली, आणि १८ तारखेच्या पहाटे ते तळाला गेलं, वादळाची तीव्रता सांगणारा डीएसटी निर्देशांक उणे २२० नॅनोटेस्लांच्याही खाली. मिनिटाला एक नोंद असली की दोन मिनिटांपेक्षा जलद काही दिसत नाही, पण पीसी-५ त्यात बसते. हर्ट्झ एवढ्या वारंवारतेच्या लहरींसाठी मात्र हा डेटा निरुपयोगी.

अलिबागबद्दल एक लिहून ठेवते. मुंबईत विजेवरची ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणं १९०४ पासून तिथे हलवली गेली. त्याच कुलाब्याने २ सप्टेंबर १८५९ च्या महावादळात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट टिपली होती. दीडशे वर्षांहून जुनी आपल्या किनाऱ्यावरची ती नोंद आजही जगभरचे संशोधक वापरतात. ज्यांनी दिवस-रात्र जागून ती वाचनं घेतली त्यांना नमस्कार.

२७ एप्रिल

तेजसच्या काकांची द्राक्षबाग दिंडोरीच्या पुढे आहे. खरड छाटणी उरकली होती, बाग मोकळी. तारेचं मोठं वेटोळं, छोटा वर्धक आणि लॅपटॉपचं साउंड कार्ड घेऊन रात्री गेलो. शेतीपंपांची वीज चालू होती तोवर ५० हर्ट्झची घरघर आणि तिच्या पटी, दुसरं काही नाही. "थांबा रे पोरांनो, पंप बंद झाल्यावर बघा," काका म्हणाले. पंप थांबले आणि क्षितिजापलीकडच्या विजांचे टकटक आवाज उघडे झाले.

त्यात काही आवाजांना शेपूट होतं, साधारण १.७ किलोहर्ट्झवर येऊन थबकणारं. हे ट्वीक. जमीन आणि आयनोस्फिअर यांच्या पोकळीत लहर उड्या मारत येते, आणि त्या पोकळीच्या उंचीत अर्धी तरंगलांबी मावली नाही की ती पुढे जात नाही. प्रकाशवेग भागिले दोनदा १.७ किलोहर्ट्झ, उत्तर ८८ किमी. दिंडोरीच्या बागेत बसून आयनोस्फिअरच्या तळाची उंची मोजली. १८.२ किलोहर्ट्झला एक सरळ रेघही होती, तमिळनाडूतल्या विजयनारायणम् इथल्या नौदल प्रक्षेपकाची.

विजेची हीच लहर काही वेळा आयनोस्फिअर भेदून चुंबकरेषेने दुसऱ्या गोलार्धात पोचते आणि वाटेत पसरून शिट्टीसारखी होते. पहिल्या महायुद्धात बार्कहाउझेन यांनी अशा शिट्ट्या ऐकल्या, १९५३ मध्ये स्टोरी यांनी त्यांचा मार्ग उलगडला आणि त्यातूनच कळलं की एवढ्या उंचीवरही प्लाझ्मा आहे. बनारसच्या काशी हिंदू विश्वविद्यालयातल्या संशोधकांनी गुलमर्ग, नैनिताल आणि वाराणसीत व्हिसलर, म्हणजे याच शिट्ट्या, नोंदवल्या. आम्हाला त्या रात्री व्हिसलर मिळाला नाही. उपग्रहाच्या तुकड्यांत मात्र प्लाझ्मास्फिअरच्या आत ते आहेत.

११ मे

मॅडमनी आदित्य-एल१ चा चुंबकमापक डेटा पाहायला सांगितला. २ सप्टेंबर २०२३ ला उड्डाण, ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला असलेल्या एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत, आणि सहा मीटरच्या दांडीवर दोन संवेदक. आपल्या देशाच्या यानाची फाइल उघडताना हात जरा थरथरला.

पण आमची रीत तिथे जशीच्या तशी चालत नाही, आणि कारण शिकण्यासारखं आहे. प्रारण पट्ट्यांत यानाचा वेग सेकंदाला काही किलोमीटर, लहरींचा शेकडो, त्यामुळे डॉप्लर फरक नगण्य. सौरवाऱ्यात उलट. वारा साधारण ४०० किमी प्रतिसेकंद वेगाने यानावरून वाहतो आणि त्यातल्या आल्फवेन लहरींचा, म्हणजे चुंबकरेषांवरून धावणाऱ्या लहरींचा, वेग साधारण ५०. म्हणजे मोजलेली वारंवारता मुख्यतः वाऱ्याची, लहरीची थोडी. तिथे गिरकीशी तुलना करण्याआधी वाऱ्याचा वेग वजा करावा लागतो, त्यासाठी लहर कोणत्या दिशेने चालली आहे हे कळलं पाहिजे, आणि एकाच यानावरून ते सहज कळत नाही. अहवालात हे एका परिच्छेदात लिहायचं, निष्कर्ष काढायचे नाहीत.

२५ मे

गेले काही दिवस रोज संध्याकाळी पाऊस, वीज जातेय येतेय. तरी यादी पूर्ण झाली. प्रत्येक घटनेपुढे वारंवारता, दोन्ही क्षेत्रं, दोन्ही गुणोत्तरं, फिरण्याची दिशा, घनता आणि स्थानिक चुंबकीय वेळ. वारंवारतेचा रकाना मुद्दाम शेवटी ठेवला. ज्यांची दिशा आणि गुणोत्तर परस्परांशी जुळत नाहीत त्या घटना वगळल्या नाहीत, "अनिश्चित" म्हणून वेगळ्या पानावर दिल्या, कारण पुढे कुणाला त्यांतच काही सापडू शकतं.

मॅडमनी सही करताना एक सुधारणा सांगितली. वादळाच्या दिवशी चुंबकक्षेत्र द्विध्रुवासारखं राहत नाही, तेव्हा जन्मस्थानाचं गुणोत्तर साध्या घनाच्या सूत्राने काढणं पुरेसं नाही. जूनमध्ये मी त्या घटनांना चुंबकक्षेत्राचं त्सिगानेंको प्रारूप लावून ते रकाने पुन्हा भरणार. तेजस तीच आज्ञावली जपानच्या अरासे यानाच्या फायलींवर चालवून बघणार. त्या यानाच्या कक्षेचा कल ३१ अंश आहे, त्यामुळे दोन गुणोत्तरांतला फरक तिथे आणखी मोठा असेल.